न मोजलेल्या शिरा

आधी बहनजींचं नाव. जसबीर कौर बहनजी, चंडीगडला मुलींच्या कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आमच्या घरमालकीण. आज गवताची एक काडी हातात धरून मला तिच्याबद्दल चार वाक्यं खरी लिहिता येतात, ती त्यांच्यामुळे. ‘खरी’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय, तो का ते पुढे येईलच. दुसरं नाव पिनूचं, म्हणजे माझ्या आक्काच्या मुलीचं. ती तेव्हा सात वर्षांची होती, आता कॉलेजात आहे, आणि मावशीच्या लिखाणात आपण आलो हे तिच्या मैत्रिणींना कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. म्हणून तिचे आभार हळू आवाजात. पस्तिशीही न गाठलेल्या, नववीत शाळा सोडलेल्या बाईने आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, ठाऊक आहे मला. पण माझी भीती अशी की आत्ता लिहिलं नाही तर मी नंतर सगळं सोयीस्कर करून लिहीन, आणि ती सवय मला एकदा चांगलीच भोवलेली आहे.

शाळा सोडली म्हणजे काही मोठं कारण नव्हतं. नववीच्या वार्षिक परीक्षेला बीजगणिताच्या पेपरला मी मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बसले आणि पेपर सुटायची वेळ झाल्यावर घरी गेले. कसा गेला विचारल्यावर ‘बरा’ म्हणाले. उत्तर येत नसलं की समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं, ही माझी तेव्हाची सगळी विद्या. निकाल लागल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत, ते जास्त वाईट. तीन वर्षं मी शिलाईच्या मशीनवर काढली. मग आक्काने मला चंडीगडला बोलावून घेतलं. दाजी मोहालीला एका कंपनीत होते, आक्काही शिकवण्या घ्यायची, पिनूला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. अण्णांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, तिथं काही जमलं तर ठीक, नाहीतर वैशाखात परत पाठव, स्थळं बघायला लागतो. मी लग्नाला घाबरत नव्हते. स्थळं बघायला येणारी माणसं ‘किती शिकलीस’ विचारतील, त्याला घाबरत होते.

बहनजींचं घर दुमजली, वर आम्ही, खाली त्या एकट्या. पहाटे गुरुद्वाऱ्यातला आवाज यायचा, मग त्यांचा रेडिओ, मग कुकर, आणि मागच्या झाडावर मोर असा ओरडायचा की पहिल्या दिवशी मला वाटलं कुणाचं तरी पोर पडलं. आक्काच्या स्वयंपाकघरात गावाहून आलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा वरच्या फळीवर असायचा आणि तो रविवारीच खाली यायचा. एरवी गव्हाच्या पोळ्या, राजमा, आणि शेंगदाण्याची चटणी, जी बहनजी वाटीत घेऊन चमच्याने नुसती खायच्या आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबायच्या नाहीत. त्या जानेवारीत धुकं इतकं होतं की आठवडाभर समोरचं घर दिसलं नाही. मला ताप भरला. बहनजींनी स्वतःची रजाई वर आणून माझ्यावर टाकली, रोज हळद घातलेलं दूध पाजलं आणि मी बरी होईपर्यंत स्वतः दोन घोंगड्यांत झोपल्या. ते मला नंतर कळलं. उपकार झाला की मला स्वस्थ बसवत नाही, अजूनही नाही. काहीतरी ताबडतोब करून टाकावंसं वाटतं.

म्हणून बरी झाल्यावर एका सकाळी, बहनजी गुरुद्वाऱ्यात गेलेल्या असताना, मी त्यांच्या मागच्या अंगणातलं तण काढलं. अंगण सुंदर होतं, फक्त भिंतीलगतच्या एका वाफ्यात गुडघाभर रानगवत माजलं होतं. शेतकऱ्याची लेक मी, खुरपं चालवायला किती वेळ लागतो. पिनू टोपली घेऊन मागे. तासाभरात वाफा तळहातासारखा केला, वर पाणीही शिंपडलं. बहनजी आल्या, वाफ्यापाशी उभ्या राहिल्या. मी पायरीवर कौतुकाची वाट बघत होते. मग त्यांनी शांतपणे विचारलं की ब्रोम कुठे गेला.

ब्रोम म्हणजे तेच रानगवत. गव्हाच्या बांधावर, कालव्याच्या कडेला आपोआप उगवतं, लांबून जंगली जवीसारखं, म्हणजे ओटसारखं दिसतं, माझ्या गावाकडे कधी पाहिलेलं नाही आणि मराठीत त्याला काही नाव असलं तर मला माहीत नाही. बहनजींनी चार ठिकाणांहून बी आणून तो वाफा दोन वर्षं जपला होता. आसपासच्या गावांतली रानगवतं नोंदवणारी एक पुस्तिका त्या करत होत्या. मुल्लानपूरकडची शेतं बिल्डरांकडे जात होती आणि नवीन शहर वसायच्या आत तिथे काय उगवत होतं ते कुणीतरी लिहून ठेवावं, एवढीच त्यांची इच्छा. बाकी सगळी गवतं झाली होती, ब्रोम राहिला होता. विद्यापीठातले गुप्ताजी, त्यांच्या जुन्या ओळखीचे, बैसाखीच्या आधी येऊन सगळं तपासणार आणि मग छपाई.

मी रडायच्या बेतात होते. बहनजींनी टोपली उचलून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “उखाड़ा तूने है, तो सुखाएगी भी तू, और लिखेगी भी तू।” शिक्षा म्हणूनच सांगितलं त्यांनी, पण तेवढ्यावर माझा मुक्काम चंडीगडात वाढला. आक्काला त्यांनी परस्पर सांगितलं की यादी पूर्ण झाली की मुलीला ओपन स्कूलच्या दहावीला बसवू, फॉर्म मी भरून देते. अण्णांना फोन गेला. त्यांनी वैशाख पुढे ढकलला, पण अट घातली की आधी यादी पुरी झालेली दिसू दे.

मग सुरू झालं. मी उपटलेल्या ब्रोमला अजून लोंब्या धरल्या नव्हत्या, म्हणून नमुने रानातून आणायचे. बसने मुल्लानपूर, बसने पिंजौर, बांधाबांधाने काड्या मुळासकट उपटायच्या, घरी येऊन वर्तमानपत्रात पसरवायच्या, वर लाकडी फळ्या, त्यांना पट्टा आवळायचा, रोज ओले कागद बदलायचे. वाळलेली काडी जाड कागदावर चिकटवून खाली वर्णन. बहनजी विचारत, मी बोलत, त्या लिहीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चांगली गोष्ट झाली, ती सांगते, कारण पुढे माझी अब्रूच जायची आहे. गवताचं पातं काडीपासून सुटतं त्याच्या खाली ते पातंच काडीला लपेटून असतं. ते कसं आहे सांग, म्हणाल्या. मी नखाने उलगडायला गेले, उलगडेना. गव्हाचं उलगडतं, जवीचं उलगडतं, सदऱ्याची एक बाजू दुसरीवर यावी तसं. याचं तर कडेला कड जोडलेली. मी म्हटलं, बहनजी, हा सदरा नाही, ही बाही आहे, शिवून बंद केलेली. बहनजींनी लेखणी खाली ठेवली. ब्रोमची हीच मोठी खूण, मुलींना ती शिकवायला त्यांना अर्धा तास लागायचा. त्या दिवशी त्यांनी मला पिन्नी, म्हणजे कणकेचा तुपातला लाडू दिला आणि स्वतःही एक खाल्ली, डॉक्टरांनी मनाई केलेली असताना.

कौतुकाने माझं डोकं फिरलं. कारण पुढची खूण होती शिरांची. ब्रोमच्या प्रत्येक लोंबीच्या तळाशी दोन रिकामे पापुद्रे असतात, दाणा नसलेले. त्यांच्यावर उभ्या शिरा असतात, केसाहून बारीक. खालच्यावर किती, वरच्यावर किती, यावरून ब्रोमची जात ठरायला मोठी मदत होते. एका जातीत खाली एक आणि वर तीन, दुसरीत तीन आणि पाच, तिसरीत पाच-सातच्या पुढे. बहनजींनी मला नखाएवढं भिंग दिलं आणि विचारलं, “कितनी हैं?”

मला काही दिसलं नाही. आजोबा पेपर वाचताना भिंग धरायचे तसं मी ते हातभर लांब धरलं होतं आणि त्यातून मला एक हिरवट ढग दिसत होता. ‘दिसत नाही’ म्हणावं, तर पिन्नी खाऊन चोवीस तासही झाले नव्हते. मी बहनजींच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, स्वतः बघता येत नव्हतं म्हणून तर मी. त्यांचा चेहरा आशेने पुढे आला होता. मी म्हटलं, “तीन जी।” त्यांनी मान हलवली आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाच म्हटलं, नुसतं तीन-तीन बरं दिसत नाही म्हणून. कधी सात. सम आकडा कधी आला नाही, कारण बहनजींच्या तोंडून मी विषम आकडेच ऐकले होते, इतकी हुशारी माझ्यात होती. शिवाय मी काम नीट करायचे. पिकलेला ब्रोम हात लागताच लोंब्या टाकतो, टेबलावर रोज बारीक कचरा पडायचा. तो मी संध्याकाळी झाडून टेबल लखलखीत करायचे. बहनजी म्हणायच्या, बंबईवाल्यांकडून सफाई शिकावी. मंगळवेढ्याची माणसं त्यांच्या लेखी बंबईवाली. महिन्याभरात एकोणीस कागद झाले, एकोणीस वर्णनं, आणि शिरांचे आकडे सगळे माझ्या मनचे.

गुप्ताजींचा फोन आला की सोमवारी येतो. तेव्हा बुधवार होता. त्या दुपारी बहनजी झोपल्या होत्या, मी टेबलाशी सोमवारपर्यंतचे दिवस मोजत बसले होते, आणि पिनू भिंग घेऊन खेळत होती. तिने ते डोळ्याला पार चिकटवलं, एका कागदावरची लोंबी नाकाजवळ आणली आणि मजेत म्हणाली, “मौसी, इसमें तो लाइनें हैं। एक, दो, तीन।” मी म्हटलं आण इकडे. मी लांब धरलं, ढग. ती माझ्याकडे बघत राहिली, मोठी माणसं लहान मुलांकडे बघतात तशी, आणि म्हणाली, “अरे यार, आँख से चिपकाओ ना।”

चिपकवलं. आणि समोर तो पापुद्रा ताटाएवढा उभा राहिला, त्यावर तीन शिरा, नदीच्या नकाशासारख्या स्वच्छ. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी पहिल्यांदा घाबरून भिंगच टाकलं. कारण त्या कागदाखाली लिहिलं होतं पाच.

पुढचे चार दिवस मी आयुष्यात केलेल्या उद्योगांत सगळ्यात सुंदर आहेत. बहनजी सकाळी गुरुद्वाऱ्यात आणि दुपारी झोपेत, एवढ्या वेळात मी एकेक कागद वर आमच्याकडे नेऊन पुन्हा मोजायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, आणि पिनूने जिन्यात पहारा द्यायचा. बहनजी उठल्या की तिने जोराने पाढे म्हणायचे, असं ठरलं. गुरुवारी तिला मध्येच कंटाळा आला म्हणून तिने उगाच सातचा पाढा म्हटला आणि मी भिंग पिठाच्या डब्यात लपवलं. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीआधी ते काढायला मला किती खटपट करावी लागली ते आक्काला आजतागायत माहीत नाही. शुक्रवारी बहनजींनी पिनूला विचारलंही, की तुला अचानक गणिताची एवढी गोडी कशी लागली. पिनू म्हणाली, परीक्षा है. खोटं बोलण्यात ती माझ्याहून सरस निघाली, घरचंच रक्त.

शनिवारपर्यंत सोळा कागद झाले. सोळांतल्या अकरांचे आकडे चुकीचे होते, पाच योगायोगाने बरोबर. राहिले तीन कागद, चार, नऊ आणि चौदा नंबरचे. त्या काड्यांवर लोंबी एकही नव्हती. गळून गेल्या होत्या आणि त्या मी झाडून, सुपलीत भरून, बाहेर टाकल्या होत्या. तिन्ही मुल्लानपूरच्या एकाच बांधावरचे. रविवारी पिनूला जत्रा दाखवायला नेते असं आक्काला सांगून मी तिला बसमध्ये घातलं. तिथे पोचलो तर बांध नव्हता. निळे पत्रे उभे होते, आत जेसीबी, मातीचे ढीग. पत्र्याच्या फटीतून पिनूने बघितलं, मी बघितलं. गव्हाची एक काडी नव्हती, ब्रोम तर सोडाच. पिनूने जत्रेबद्दल विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ती माझ्या हातावर हात ठेवून बसली, तेवढं मला आठवतं.

सोमवारी गुप्ताजी आले. टापटीप, गोरेपान, चहा बशीत ओतून पिणारे. नवीन आकड्यांची चिठ्ठी माझ्या मुठीत होती. कशी द्यावी, कधी द्यावी, मला कळत नव्हतं. त्यांनी वरचा कागद उचलला. बहनजी म्हणाल्या, मला विचारू नका, हिला विचारा. त्यांनी पाच कागद विचारले, मी चिठ्ठीत बघून सांगितलं, ते खाली लिहिलेल्या आकड्याशी ताडून थोडे थांबत, स्वतः भिंगातून बघत, आणि माझा आकडा बरोबर निघाल्यावर बहनजींकडे बघत. सहावा हाती आला तो चौदा नंबरचा. पेरं लालसर, लपेटीवर मखमलीसारखी दाट लव, वर लोंबीचा पत्ता नाही.

“और इसमें? नीचे वाले पर कितनी?”

कागदावर पाच लिहिलेलं होतं. लोंबी नव्हती, म्हणजे ते मला खोटं ठरवू शकणार नव्हते, जगात कुणीच ठरवू शकणार नव्हतं. पाच म्हटलं असतं तर पुस्तिका छापली असती, दहावीचा फॉर्म भरला असता, अण्णा खूश. बहनजींचा चेहरा तसाच पुढे आलेला. मी म्हणाले, “पता नहीं जी। मैंने देखा नहीं था।”

“यहाँ तो पाँच लिखा है।”

“वो मैंने मन से बोला था। चार और नौ में भी। पहले सारे ही मन से बोले थे।”

आणि मग मला थांबता येईना. भिंग लांब धरल्याचं सांगितलं, टेबल झाडल्याचं सांगितलं, निळ्या पत्र्यांचं सांगितलं, बीजगणिताच्या पेपरचंही सांगून टाकलं, ज्याचा तिथे काही संबंध नव्हता. गुप्ताजींचा चहा बशीत गार होत होता. बहनजी उठल्या, कपाटातून एक वही आणली आणि माझ्यासमोर उघडली. एका पानावर तीन तारखा आणि तीन आकडे होते, तीन, पाच, सात. म्हणाल्या की दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एकच काडी तीन वेगवेगळ्या दिवशी दिली होती. “मोतिया उतरा है कुड़िए, अक्ल नहीं उतरी।”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझे सगळे आकडे त्यांनी पेन्सिलने लिहिले होते, बाकी वर्णन शाईने, आणि रोज समोर बसूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्या जरा हसल्या. म्हणाल्या, वाटलं तू आपणहून म्हणशील ‘दिसत नाही’, आज म्हणशील, उद्या म्हणशील. जिन्यातले पाढे ऐकून तर मजाच यायला लागली होती. मग हसणं थांबलं. “पर खेत हमारे लिए रुका नहीं। वो तीन मुझ पर भी हैं।”

गुप्ताजींनी विचारलं की या तीन ओळी यादीतून काढून टाकायच्या ना. बहनजी म्हणाल्या, नाही, छापायच्या. पेन माझ्या हातात दिला. मी पेन्सिलचे आकडे खोडले, सोळांवर खरे आकडे शाईने लिहिले, आणि चार, नऊ, चौदासमोर बहनजींनी सांगितलं तसं लिहिलं, ‘नहीं देखा’. गुप्ताजी म्हणाले की इतक्या वर्षांत इतक्या याद्या तपासल्या, हा शेरा पहिल्यांदाच बघतोय. आमच्याकडे सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं. आणि मग त्यांनी तो गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

यादी छापून आली. अण्णांना एक प्रत पाठवली. त्यांना हिंदी वाचायला वेळ लागतो, पण शेवटच्या पानावर माझं नाव आहे ते त्यांनी शेजाऱ्यांना दाखवलं असं आई म्हणाली. मी दहावी झाले, दुसऱ्या खेपेला, बीजगणितासकट. आज मोहालीजवळ बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. गव्हाच्या बियाण्यात तणाचं बी किती ते बघते, आणि भिंग डोळ्याला चिकटवूनच बघते. नवीन मुली येतात, पहिल्या दिवशी लांब धरतात आणि ‘दिसलं’ म्हणतात. मी त्यांना एकच नमुना तीनदा देते. ही युक्ती माझी नाही हे मी त्यांना सांगत नाही.

बहनजी आता पतियाळ्याला भाच्याकडे असतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला त्या तयार नाहीत, म्हणतात एक पुरतो. दर फाल्गुनात सुट्टीच्या दिवशी मी मुल्लानपूरकडे जाते. टॉवरांच्या मधे अजून उरलेले बांध आहेत, नाल्याच्या कडा आहेत, न विकलेल्या पट्ट्या आहेत. चार नंबरशी जुळणारा ब्रोम मला पाच वर्षांपूर्वी मिळाला, नऊ नंबरचा गेल्या वर्षी. दोन्ही वेळी बसने पतियाळ्याला गेले, बहनजींच्या खिडकीत उभी राहून त्यांच्यासमोर शिरा मोजल्या, आणि त्यांनी आपल्या एका डोळ्याने तपासून मान हलवली. लालसर पेरांचा, मखमली लपेटीचा चौदा नंबर अजून सापडलेला नाही. कदाचित तो त्याच एका बांधावर होता आणि मीच त्याच्या लोंब्या सुपलीत भरून फेकल्या. पण मी शोधतेय, बहनजी. सापडला की लोंब्या गळू न देता, कागदाच्या पुडीत घालून आणीन, तुमच्या तळहातावर ठेवीन, आणि जेवढ्या दिसतील तेवढ्याच शिरा सांगेन.